राजाच्या मयतीला कोण कोण आलं होतं?

दौलताबादचा किल्ला बघायला आलेली माणसं चिनी महालाशी थांबत नाहीत. चांदमिनारापुढे फोटो काढून झाला की सगळ्यांचे पाय अंधारीकडे, किल्ल्यातल्या त्या काळोख्या वाटेकडे ओढ घेतात. त्यात त्यांचा दोष नाही. चिनी महालात बघण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. छप्पर नाही. जाड भिंती आहेत आणि दर्शनी भिंतीवर वरच्या अंगाला निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांचे तुकडे, तेही नीट मान वर करून शोधले तर दिसतात. शेजारच्या बुरुजावरची मेंढा तोफ जास्त गर्दी खेचते. मी आणि मामा मात्र खास या चिनी महालासाठी आलो होतो.

दिवस 17 सप्टेंबरचा, मुक्तिसंग्राम दिनाचा. मामा सकाळचं ध्वजवंदन चुकवत नाहीत. ते उरकूनच आम्ही संभाजीनगरहून निघालो. (मामा अजून औरंगाबादच म्हणतात, आणि धाराशिवला उस्मानाबाद. सवय.) किल्ल्यात शिरल्यावर आधी भारतमातेचं मंदिर लागतं. मुळात ही 1318 सालची जामी मशीद, तिचे खांब त्याआधीच्या देवळांचे, आणि निजामाचं राज्य गेल्यावर तिथे भारतमाता बसली. मामांनी चप्पल काढून हात जोडले आणि मला म्हणाले, "चल, आता कैद्याकडं."

कैदी म्हणजे अबुल हसन कुतुबशहा, गोवळकोंड्याचा शेवटचा राजा. लोक त्याला तानाशहा म्हणूनच ओळखतात. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना भागानगरला, म्हणजे हैदराबादला, ज्याच्याकडे पाहुणे होते, मादण्णा ज्याचा कारभारी, तोच हा. औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला. सप्टेंबर 1687 मध्ये फितुरीने दरवाजा उघडला आणि मोगल सरदार थेट महालात आले. मोगलांचा इतिहास लिहिणारा खाफीखान लिहितो की तानाशहाने त्यांना बसवून घेतलं, गप्पा केल्या आणि वेळ झाली तसा नाश्ता मागवला. पुढचं सगळं आयुष्य त्याने दौलताबादला या महालात कैदेत काढलं. सुमारे बारा वर्षं. तेलुगू लोकांत एक गोष्ट सांगतात. भद्राचलमचं राममंदिर सरकारी पैशातून बांधलं म्हणून याच राजाने गोपन्नाला, म्हणजे त्यांच्या रामदासाला, बारा वर्षं तुरुंगात ठेवलं होतं, त्याची ही फेड. गोष्ट जरा जास्तच जुळवलेली वाटते, पण चिनी महालाच्या त्या उघड्या भिंतींत उभं राहिलं की ती आठवल्याशिवाय राहत नाही.

1699 मध्ये तो इथेच गेला. पुरायला खुलताबादला नेला.

आमच्याकडे कुणी गेल्याचं कळलं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो. लेक वेळेवर पोचला का? खांदा कोणी दिला? मयतीला कोण कोण आलं होतं? माणूस कसा होता हे कुणी विचारत नाही, ते या उत्तरांतून आपोआप कळतं. मामा आयुष्यभर मास्तर होते. इतिहास शिकवताना ते राजांनाही हाच प्रश्न लावायचे. "लढाया सगळ्याच लिहितात. मयत बघावं, मयतीत खरं कळतं." त्या दिवशी आम्ही तेच बघायला निघालो होतो.

दौलताबादहून खुलताबाद जवळ आहे, दहा-बारा किलोमीटर. पण आधी दिल्ली दरवाजातून बाहेर पडावं लागतं. एका वेळी एकच मोठं वाहन जाईल एवढी ती जागा, आणि समोरून वेरूळच्या सहलीच्या बसेस. तिथे आमची गाडी इतकी रखडली की मामा उतरून सीताफळांचा भाव करून आले. हंगाम नुकता सुरू झाला होता, भाव अर्थातच जमला नाही. पुढे घाट लागला. पावसाने डोंगर हिरवागार, किल्ला मागे पडत जातो तसा आणखीच देखणा दिसतो. तानाशहाची शेवटची वाट साधारण हीच असणार.

खुलताबादेत गर्दी असते ती भद्रा मारुतीला. झोपलेल्या मारुतीचं दर्शन, रुईच्या माळा, पार्किंगवाल्यांच्या शिट्ट्या. गावाची दुसरी बाजू दर्ग्यांची. जुनं नाव रौजा. 'खुल्द-मकान' हा औरंगजेबाचा मरणोत्तर किताब, त्यावरून पुढे खुलताबाद झालं.

औरंगजेबाच्या कबरीपाशी पोलीस बसलेले होते. आधार कार्ड बघून वहीत नाव लिहून घेतलं. झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात एका कोपऱ्यात ती कबर आहे, वर छत नाही, मातीवर सब्जा लावलेला. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, निजामाच्या काळातली. टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांत कफन करा, असं त्याच्या नावावरच्या मृत्युपत्रात आहे. तिथला माणूस मात्र आम्हाला चौदा रुपये बारा आणे सांगत होता. आम्ही वाद घातला नाही.

मामांना रस होता तो मयतीत. 3 मार्च 1707 ला नगरजवळ भिंगारच्या छावणीत बादशहा गेला तेव्हा जवळ होती मुलगी झीनतुन्निसा. मुलगे जवळ नव्हते, त्यानेच मुद्दाम दूर पाठवले होते, माझ्या डोळ्यांदेखत भांडायला नकोत म्हणून. आझमशहा माळव्याला निघाला होता, पण रेंगाळत. बाप गेल्याचं कळताच उलटा फिरला, छावणीत आला, बहिणीला धीर दिला, थोडं अंतर खांदा दिला आणि मयत रौज्याकडे रवाना केली. स्वतः इथपर्यंत आला नाही. गादीची घाई होती. जूनमध्ये जाजऊच्या लढाईत भावाविरुद्ध लढताना तोही मारला गेला. खांदा देण्यात दुःख किती आणि 'मी इथे आहे' हे सरदारांना दाखवणं किती, याचा हिशेब मला लागत नाही. मामांना लागतो. ते म्हणाले, "अर्धं-अर्धं. सगळ्याच घरात अर्धं-अर्धं असतं, बाई."

तानाशहाची कबर इथून वेगळीकडे, शाह राजू कत्ताल यांच्या दर्ग्यात. विचारत विचारत जावं लागलं. कबर साधी आहे, चुन्याने रंगवलेली, राजाची म्हणून वेगळी ओळखू येत नाही. गोवळकोंड्याला त्याच्या सगळ्या पूर्वजांचे घुमट आहेत, हिरव्या गवतात ओळीने उभे. हा एकटाच इथे डोंगरावर. बादशहा तेव्हा मराठ्यांच्या मागे किल्ले घेत हिंडत होता, गोवळकोंड्याचं राज्य खालसा होऊन एक तप झालेलं. दरबारच उरला नव्हता, तर मयतीला येणार कोण? पण त्याला या दर्ग्यात जागा कशी मिळाली ते बघा. आधीच्या राजाचा जावई होऊन गादीवर बसण्याआधी अबुल हसन कित्येक वर्षं हैदराबादेत एका सुफी पीराच्या खानकाहमध्ये, म्हणजे मठात, राहत होता. त्या पीराचं नावही शाह राजू, आणि घराणं गुलबर्ग्याच्या बंदेनवाज गेसूदराजांचं. खुलताबादचे शाह राजू कत्ताल म्हणजे त्याच बंदेनवाजांचे वडील. म्हणजे सासुरवाडीने दिलेलं राज्य गेलं, आणि शेवटी माणूस गुरूच्या घरच्या अंगणात येऊन निजला. मला तरी ही मयत पोरकी वाटली नाही. मामांना वाटली. दर्ग्यातल्या माणसाने आम्हाला पाणी दिलं, कुठून आलात विचारलं, आणि परभणी म्हटल्यावर तिथल्या उरुसाची चौकशी केली. तानाशहाबद्दल तो काही बोलला नाही.

तिथून बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात. इथे पहिला निजाम आसफजहा आहे. 1748 मध्ये तो बुऱ्हाणपूरला गेला आणि त्याची मयत इथवर आणली. ज्या पीरांच्या नावावर बुऱ्हाणपूर वसलं, त्यांच्याच पायाशी तो पुरला गेला. मुलगा नासिरजंग दोन वर्षांनी दूर जिंजीकडे मारला गेला, त्यालाही इथेच बापाजवळ आणलं. मुख्य मजारीच्या आत बायकांना जाता येत नाही. मी बाहेर दगडी कट्ट्यावर बसले. मामा आत जाऊन आले आणि शेजारी बसून सातव्याची गोष्ट सांगायला लागले.

सातवा निजाम म्हणजे मीर उस्मान अली खान. आमच्या आजोबांनी ज्याच्या राज्यात हर्सूलचा तुरुंग पाहिला तो. 1948 ला राज्य गेलं, 1956 पर्यंत राजप्रमुख राहिला, त्यानंतर किंग कोठी या आपल्या महालात बसून होता. 24 फेब्रुवारी 1967 ला गेला. तेव्हा मामा शिक्षणासाठी हैदराबादेत काचीगुड्याला माझ्या मावशीकडे, त्यांच्या अक्काकडे होते, मिसरूड फुटायच्या वयाचे. किंग कोठी तिथून चालत जाण्याएवढी. मावशी नको म्हणत असताना ते गेले. मक्का मशिदीत जनाज्याची नमाज आणि दफन किंग कोठीसमोरच्या जुदी मशिदीत, आईच्या शेजारी. आंध्र सरकारने दुखवटा पाळला, कचेऱ्या बंद. लाखो माणूस होतं. दहा लाख असंही म्हणतात. मामांनी मोजलं नाही, त्यांना समोरच्याच्या पाठीपलीकडे काहीच दिसत नव्हतं. दिसलं ते खाली. रस्त्यावर बायकांनी फोडलेल्या बांगड्यांच्या काचा. रात्री मावशीने त्यांच्या रबरी चपलेच्या तळव्यात रुतलेले हिरवे-लाल तुकडे केसातल्या आकड्याने एकेक उकरून काढले आणि प्रत्येक तुकड्यामागे एक शिवी दिली. ती निजामाला होती की मामांना, हे अजून ठरलेलं नाही.

होळीला मामा गावी आले तेव्हा आजोबांना कळलंच होतं. "ज्याच्या रझाकारांनी माणसं मारली त्याच्या मयतीला तू कशाला गेलास?" एवढं बोलून दोन दिवस अबोला. तिसऱ्या रात्री ओट्यावर अंथरूण टाकता टाकता विचारलं, "किती माणूस होतं?" मामांनी सांगितलं. मग, "आपल्याकडचं कोणी दिसलं का?"

त्या गर्दीचा दाखला देऊन लोक बघा कसे प्रेम करायचे म्हणणारे हैदराबादेत भेटतात. मला ते पुरतं पटत नाही. त्या गर्दीत निजामाच्या पगारावर, पेन्शनवर जगलेली घरं होती, उस्मानिया रुग्णालयात बाळंत झालेल्या बायका असतील, जुने दिवस गेले म्हणून रडणारे होते, आणि नुसते बघे होते. मामांसारखे. पण आजोबांसारखे माझे सगळे गाववाले त्यांना एका फटक्यात रझाकार ठरवतात, तेही खरं नाही. राजा गेला तेव्हा त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. कुणाला काही मिळणार नव्हतं, तरी लोक आले.

घरात काय चाललं होतं तेही बघण्यासारखं. गादीचा वारस म्हणून निजामाने थोरल्या मुलाला, आझमजहाला डावलून नातू मुकर्रमजहाला नेमलं होतं. म्हणजे मयतीच्या घरात बाप हयात आणि वारसा नातवाकडे. मुकर्रमजहाची आई दुर्रुशेवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. हा आठवा ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या रानावर जाऊन राहिला, तिथून तुर्कस्तानला. 14 जानेवारी 2023 ला इस्तंबूलमध्ये गेला. मुलं मयत घेऊन विमानाने हैदराबादला आली. चौमहल्ला पॅलेसमध्ये दर्शनाला ठेवलं, तेलंगण सरकारने शासकीय इतमाम दिला आणि 18 तारखेला मक्का मशिदीच्या आवारात बापाशेजारी दफन झालं. डावललेला बाप आणि त्याच्या जागी नेमलेला लेक आता एका ओळीत आहेत. मावशीने सगळं टीव्हीवर पाहिलं. तिचा निष्कर्ष एवढाच, की परदेशात वाढलेली असून पोरं आली. आपल्याकडे पुण्याहून येत नाहीत.

शेवटी मलिक अंबरची कबर. गावाबाहेर, वर चढून जावं लागतं, आणि खुलताबादेतली सगळ्यात देखणी इमारत हीच, हे माझं ठाम मत. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी राजा कधी झाला नाही, पण अहमदनगरच्या निजामशाहीची गादी त्यानेच सांभाळली. 1626 मध्ये गेला. कबर जिवंतपणीच बांधून ठेवली होती, शेजारी बायकोची. मुलगा फत्तेखान पुढे काय दिवे लावणार आहे याचा त्याला अंदाज असावा. 1633 मध्ये त्याने दौलताबाद मोगलांना देऊन टाकलं.

पायऱ्यांवर बसून मामांनी मावशीला फोन लावला. ती आता कमी ऐकते, त्यामुळे आमचं बोलणं अख्ख्या टेकडीला ऐकू गेलं.

"खुलताबादला आलोत, अक्का. मयतीच्या कामानं."

"अगं बाई! कोण गेलं?"

"तानाशहा."

"कधी?"

"1699 साली."

"मग आत्ता कशाला गेलात?" मावशी म्हणाली. "आणि येताना सीताफळं आणा. भाव करत बसू नका."