तुम्ही विचारलंत म्हणून: दिवा पेटतो, मग 172 जातं कुठे?

"भोकात लख्ख उजेड आहे, मीटरवर साडेतीन मिलिअँपिअर दिसतात, तरी 172 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश का मिळत नाही?" झेनॉनचा सूक्ष्म पोकळ-कॅथोड दिवा, म्हणजे धातूच्या पत्र्यांतल्या बारीक भोकात झेनॉन वायू विजेने पेटवणारा दिवा, जुळवणारे हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांचा संशय भोकावर असतो, माझा वायूवर.

भोकाचं गणित सरळ आहे. पोकळ कॅथोड चालायला दाब गुणिले व्यास साधारण 0.1 ते 10 टॉर-सेंटिमीटर हवा (टॉर हे दाबाचं एकक, हवेचा दाब सुमारे 760 टॉर). 400 टॉरला 0.1 मिमी भोक घेतलं की 4 येतात. अमेरिकेतल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठात कार्ल शोनबाख यांच्या गटाने 1990च्या दशकात हेच केलं आणि झेनॉनमध्ये 400 टॉरला 6 ते 9 टक्के कार्यक्षमता नोंदवली. मॉलिब्डेनमचे 0.1 मिमीचे दोन पत्रे, मध्ये 0.25 मिमी जाडीची वीजरोधक अ‍ॅल्युमिना आणि आरपार एक भोक, एवढीच ती रचना. भोक लेसरने पाडून मिळतं. कडेची खरखर तेवढी काढा, नाहीतर ठिणगी तिथेच धरते आणि कड वितळते.

इतका दाब का, तर उत्तेजित झेनॉन अणूला एकाच वेळी दोन साधे अणू भेटले तरच 172 देणारी क्षणभंगुर जोडी जमते. कमी दाबाला 147ची रेषा येते, आणि ती वाटेतला झेनॉनच गिळतो. पण त्या उत्तेजित अणूला जोडी जमण्याआधी पाण्याचा किंवा नायट्रोजनचा रेणू भेटला, तर ऊर्जा तो घेऊन जातो. विद्युतप्रवाह तसाच राहतो, उजेडही दिसतो, फक्त 172 गायब.

म्हणून आधी वर्णपटमापी लावा. 309च्या आसपास हायड्रॉक्सिलचा पट्टा दिसला तर पाणी, 337ला शिखर दिसलं तर नायट्रोजन, म्हणजे बहुधा गळती. रबरी नळ्या काढून स्टीलच्या लावा. कक्ष 10⁻⁵ टॉरपर्यंत ओढा आणि पंप चालू ठेवून रात्रभर 100 ते 120 अंशांवर तापवा. पाणी भिंतींना चिकटून बसतं, नुसत्या पंपाने ते निघत नाही. झेनॉन महाग, त्यामुळे तो सतत वाहता ठेवायचा मोह कुणाला होत नाही. बंद कक्षात भरत असाल तर आत गेटर, म्हणजे अशुद्ध वायू शोषून धरणारा पदार्थ, ठेवाच.

कधी कधी प्रकाश असतो, पण बाहेर पोचत नाही. साधी काच तर नाहीच, साधं क्वार्ट्‌झही भरवशाचं नाही. खिडकी मॅग्नेशियम फ्लोराइडची घ्या. पुढे हवा असेल तर ऑक्सिजन काही मिलिमीटरांतच बहुतेक प्रकाश खातो, वर ओझोन बनवतो. त्या वाटेत नायट्रोजन सोडा. हा संशय फेडायची स्वस्त चाचणी म्हणजे सोडियम सॅलिसिलेट: मिथेनॉलमध्ये विरघळवून काचेवर फवारा, वाळू द्या आणि खिडकीसमोर नायट्रोजनमध्येच धरा. 172 असेल तर काच निळी चमकते. मात्र मध्ये साध्या काचेची पट्टी सरकवली की चमक विझायला हवी. विझली नाही तर तुम्ही लांब तरंगलांबीचं अतिनील पाहताय.

विजेचं थोडक्यात. पुरवठा 600 व्होल्ट, दिव्याच्या ओळीत 100 किलोओहमचा रेझिस्टर. दिव्यावर 250 व्होल्ट राहिले तर प्रवाह साडेतीन मिलिअँपिअर येतो. त्या रेझिस्टरवर सव्वा वॉट खर्च होतो, तेव्हा 5 वॉटचा घ्या आणि इलेक्ट्रोडला अगदी लागून जोडा. तो पुरवठ्याजवळ ठेवला तर मीटरभर केबलची शंभरेक पिकोफॅरड धारिता थेट दिव्यात रिकामी होते. दिवा अखंड न जळता धडधडतो आणि मीटर फक्त सरासरी दाखवतो. ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरं भोक त्याच रेझिस्टरवर चालवू नका. एकच पेटतं, दुसरं काळोखात राहतं. प्रत्येक भोकाला त्याचा वेगळा रेझिस्टर द्या.