दुसरा जोड बोलला, आणि कानस डब्यातच राहिली

मंडळी, तंबोऱ्याचा दुसरा जोड बोलला! (जोड म्हणजे षड्जाला लावलेल्या मधल्या दोन तारा.) काल रात्री जेवणं आटोपल्यावर तंबोरा पांढरी सहाला (पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला) लावला आणि पहिल्याच फेरीत दोन्ही जोड असे मिसळले की कुठली तार कुठे संपते ते कळेना. वर खर्जातून, म्हणजे खालच्या षड्जाच्या तारेतून, गांधार स्वच्छ उभा राहिला. पावसाळा लागल्यापासून या एका तारेनं माझी झोप उडवली होती. तिचा निकाल लागला म्हणून ही नोंद लगेच लिहायला घेतली आहे.

मागच्या नोंदीतलं उरलंसुरलं आधी उरकते. भोपळ्याच्या चिरेची दुरुस्ती टिकली आहे. हवा एवढी दमट असूनही सांध्यावरून नख फिरवलं तर अडकत नाही. खुंट्याही आता सरकत नाहीत, खडूची पूड पुरली. राळ सुचवणाऱ्यांचे आभार, पण राळ लावलेली खुंटी झटक्याझटक्यानं फिरते. जोड मिळवताना जिथे केसभर सरकायचं असतं तिथे ती एकदम उडी मारते. खडूच बरा.

आता मूळ दुखणं. आत्याचा हा मिरजेचा तंबोरा बायकी पट्टीचा, म्हणजे जोड २२० हर्ट्झला आणि खर्ज ११०ला. पंचम पहिल्यापासून गोड. पहिला जोड तर इतका खुला की छेडल्यावर सूर हळूहळू फुलत जातो. दुसरा जोड मात्र छेडताक्षणी तेवढाच उजळ आणि लगेच रंग उतरलेला. षड्ज राहायचा, पण त्याच्या डोक्यावरचं सगळं गळून पडायचं. तार त्याच रिळाची, जाडी तीच ०.३० मिलिमीटर, सूर तोच, तारा ज्यावर टेकतात ती घोडीही तीच. तरी एक जोड गातो आणि दुसरा मुका.

अशा वेळी सगळे एकच सांगतात: जवारी (घोडीचा हाडाचा बाकदार माथा) घासून घ्या. इथल्याही बऱ्याच जणांनी तेच सुचवलं. माझं मत ठाम आहे की तंबोऱ्यात काहीही बिघडलं तरी आळ जवारीवर येतो, आणि निम्म्या वेळा ती निर्दोष असते. हाडावरून एकदा कानस फिरली की उडालेलं परत बसवता येत नाही. म्हणून मी स्वतःला शिस्त घालून घेतली होती की जे उलटवता येतं ते सगळं आधी तपासायचं आणि कानस शेवटी.

पहिली तपासणी तारेची. नवी तार चढवली, फरक शून्य. मग पहिल्या जोडाची तार काढून दुसऱ्या जागी ओढली आणि दुसऱ्याची पहिल्या जागी. पहिल्या जागी गेलेली तार लगेच गायला लागली, दुसऱ्या जागी आलेली मुकी झाली. म्हणजे दोष तारेत नव्हता, जागेत होता. ही अदलाबदल प्रत्येकानं करून पाहावी, तारेचा खर्च वाचतो.

दुसरी तपासणी अटीची, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तार जिच्यावर टेकते त्या पट्टीची. अटीवरची खाच रुंद झाली असेल तर तार तिथे सळसळते आणि आवाज खातो. तार अटीच्या किंचित पुढे नखानं घट्ट दाबून धरली आणि छेडली. सूर चढला, पण मुकेपणा तसाच. अटी सुटली. सूर बारीक मिळवायचा मणी घोडीपासून लांब सरकवून पाहिला, तोही सुटला. कडेची सेल्युलॉइडची पट्टी कुठे सुटून खरखरत नाही ना म्हणून बोटाच्या पेरानं सगळीकडे वाजवून पाहिलं. एक टोक जरा पोकळ वाजलं, ते चिकटवलं. आवाजात काही पालट नाही.

मग तार आणि घोडीच्या मध्ये घालतात तो दोरा, आणि बहुतेक वेळ इथेच गेला. सुती शिलाईचा दोरा, रेशमाचा धागा, लोकर, मलमलीच्या कडेचं सूत, सगळं घालून पाहिलं. पहिल्या जोडावर दोरा एक मिलिमीटर पुढेमागे झाला की रंग बदलतो, अगदी ठरावीक जागी जवारी उघडते. दुसऱ्यावर तशी जागाच सापडेना. दोरा सरकवला की थोडं खुलायचं, पण टिकायचं नाही. यातून एक मात्र पक्कं ठरलं. तुळशीबागेत मिळणारा भरतकामाचा सहापदरी सुती दोरा घ्यायचा आणि त्याचे दोनच पदर सोडवून वापरायचे. पातळ तारांना याहून चांगलं मला काही मिळालेलं नाही. रेशीम दमट हवेत निसटतं, लोकर आवाज मऊ करते.

इथे थोडं सी. व्ही. रामन यांच्याकडे वळते, कारण पुढचा धागा मला तिथूनच मिळाला. त्यांनी १९२१मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध प्रसिद्ध केला. साध्या, धारदार घोडीवरची तार जिथे छेडाल तिथे ज्या स्वरांशांचा (मूळ सुराच्या वर उमटणाऱ्या उपसुरांचा) स्थिरबिंदू असतो, ते स्वरांश आवाजात यायला नकोत, असा जुना नियम. तंबोऱ्यात ते येतात. बाकदार घोडीला तार घासत-टेकत कंप पावते, तो टेकण्याचा बिंदू पुढेमागे होत राहतो आणि प्रत्येक फेऱ्यात वरच्या स्वरांशांना नव्यानं बळ मिळतं. म्हणजे जवारीचं काम छेडल्यावर संपत नाही, ते तार थांबेपर्यंत चालू असतं. माझी तार पहिल्या क्षणी उजळ वाजत होती, याचा अर्थ जवारी कामाला लागत होती, पण पुढे तिला कुणीतरी उपाशी ठेवत होतं. ते बळ जात कुठे होतं? तारेच्या वरचं सगळं पाहून झालं होतं, म्हणून घोडीच्या खाली पाहायला लागले.

पेन्सिलीच्या मागच्या रबरानं घोडीचा माथा हलकेच ठोकला. पंचमाच्या बाजूला ‘टक्’, नेटका. सरकत सरकत खर्जाच्या बाजूला गेले आणि दुसऱ्या जोडाखाली आवाज ‘थप्’ झाला. फरक इतका उघड होता की शेजारी अभ्यास करणाऱ्या भाचीनंही मान वर केली.

मग पतंगाचा कागद आठवला. घरात संक्रांतीचे उरलेले होते. त्याची बोटभर पट्टी कापली आणि तारा पूर्ण ताणात ठेवूनच ती घोडीच्या पायांखाली सरकवायचा प्रयत्न केला. पंचमाकडच्या पायाखाली चारही बाजूंनी शिरेना. खर्जाकडच्या पायाखाली पुढच्या बाजूनं पट्टी अर्ध्यापर्यंत सहज गेली. पाय नुसता टाचेवर उभा होता! चार तारा मिळून पंचवीस-तीस किलोचा ताण, त्यातला खाली येणारा दाब त्या घोडीवर, आणि तरीही कागदाएवढी फट. तार कंप पावली की पाय तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, सूक्ष्मसा आपटायचा. वरचे स्वरांश तबलीपर्यंत पोचायच्या आधीच त्या फटीत खर्ची पडत होते. खर्जालाही हा त्रास होताच, पण जाड पितळी तारेचा आवाज मुळात दणदणीत असल्यामुळे तो लपून राहिला.

पण फट आली कुठून? पुण्याच्या पावसाळी हवेत तबलीचं लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेनं फुगतं, म्हणून आधी तिच्यावर संशय होता. तसं असतं तर उन्हाळ्यात तार बरी वाजली असती. ती तेव्हाही मुकीच होती, तेव्हाची नोंद माझ्या वहीत आहे. शेवटी दिवे मालवले आणि मोबाईलची बॅटरी तबलीला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाकला. लाखेच्या पॉलिशवर दोन फिकट चौकोन दिसले. कडा पुसट, पण बोटाला जाणवतील इतक्या खोल. घोडीचे जुने ठसे! आणि घोडी आता जिथे उभी होती तिथून ते जेमतेम अर्धा इंच मागे, लंगोटाच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, दिशेनं होते.

हा तंबोरा माझ्याकडे येण्याआधी पेठेतल्या एका दुकानात तारा बदलायला गेला होता. चारही तारा एकदम उतरवल्या की घोडी मोकळी होते, आणि परत ठेवताना ती अंदाजानं ठेवली गेली असणार. याचा मला मनापासून राग आहे. तबली सपाट नसते, तिला बाक असतो आणि तो प्रत्येक बोटावर बदलतो. घोडीचे पाय त्या एका तबलीच्या त्या एका जागेसाठी घासून बसवलेले असतात. तारा उतरवण्याआधी पेन्सिलीची बारीक खूण करायला कितीसा वेळ लागतो?

मिरजेच्या चाचांना फोटो पाठवले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारं. सकाळी फोन आला: “ताई, कानस ठेवून द्या. घोडी तिच्या घरी पाठवा. आमच्या माणसानं पाय बसवलेत, ते चुकायचे नाहीत.” मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा चाचांना अभिमान आहेच, पण त्या मानांकनाचा खरा अर्थ मला त्या दोन चौकोनांत दिसला.

घोडी मागे सरकवणं सोपं. तंबोऱ्याला पडदे नाहीत, त्यामुळे सतारीसारखी स्वरस्थानं बिघडायची भीती नाही. तार साधारण ८८ सेंटिमीटरची होती, ती १२ मिलिमीटरनं लांबली. सूर तोच ठेवायचा तर ताण वर्गाच्या हिशेबानं पावणेतीन टक्के वाढतो, ते तारेला सहज पेलतं. लंगोट जवळ आल्यामुळे घोडीमागचा कोन किंचित तीव्र झाला आणि दाबही वाढला, हा वरचा फायदा. दोऱ्याच्या जागा मात्र चारही तारांना नव्यानं शोधाव्या लागल्या.

बसवण्याआधी कार्बन पेपरची चाचणी केली. कार्बन आता सहज मिळत नाही, अप्पा बळवंत चौकात एका जुन्या स्टेशनरीवाल्याकडे निघाला. शाईची बाजू वर करून तो जुन्या ठशावर ठेवायचा, त्यावर घोडी दाबून केसभर हलवायची आणि उलटून पाय पाहायचे. दुकानात ठेवलेल्या चुकीच्या जागी खर्जाकडच्या पायाची फक्त मागची कड काळी होत होती. जुन्या ठशावर दोन्ही पाय पूर्ण काळे. तारा चढवून पतंगाचा कागद पुन्हा लावून पाहिला, कारण ताण आला की तबली किंचित दबते आणि सैल असताना बसलेला पाय ताणात सुटू शकतो. कुठूनही शिरेना.

मग ते झालं जे वर लिहिलं आहे. मोबाईलवर ध्वनिपट (आवाजातल्या स्वरांशांचा आलेख) पाहिला. आधी दुसऱ्या जोडाच्या २००० हर्ट्झच्या वरच्या रेघा छेडल्याबरोबर विझत होत्या, आता त्या पहिल्या जोडाइतक्याच लांब चालतात. खर्जाचा पाचवा स्वरांश बरोबर ५५० हर्ट्झला उभा आहे. ट्यूनरचा काटा तो चौदा सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) उतरलेला दाखवतो, कारण तो पेटीचा ५५४चा गांधार धरून बसतो. काटा खाली, पण कान तृप्त!

दुरुस्तीच्या यादीत आता बदल. नवी घोडी आणायला कोयना एक्सप्रेसनं मिरजेला जायचं ठरलं होतं, ते रद्द. ऑनलाइन तयार घोडी तर आता कुणालाच सुचवणार नाही, पाय न बसवता ती लावणं म्हणजे हीच फट विकत घेणं. सांबरशिंगाच्या घोडीबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांना सांगते, वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो व्यापार बंद आहे. जुनी असेल तर जपा, नवी शोधू नका. उंटाचं हाड उत्तम वाजतं. तारा मात्र जर्मन रोस्लाऊच्याच घ्या, आपल्याकडच्या हवेत स्वस्त तारांना गणपतीपर्यंत गंज चढतो.

तबली पुन्हा पॉलिश करायची होती, तेही थांबवते. लाख चढवली तर ते ठसे बुजतील. हे लिहितानाच सुचलं की आधी दोन्ही चौकोनांवर ट्रेसिंग पेपर ठेवून लंगोटापासूनच्या अंतरासह नकाशा काढावा आणि तो गवसणीच्या खिशात कायमचा ठेवावा. पॉलिश दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. तोवर केळकर संग्रहालयातल्या वाद्यांच्या दालनात जाऊन काचेआडच्या तंबोऱ्यांच्या घोड्या लंगोटापासून किती लांब आहेत ते बघायचं आहे.

तुमच्याकडे मिरजेचा बायकी तंबोरा असेल तर मला दोन मापं हवीत: लंगोट ते घोडीच्या पायाची मागची कड, आणि घोडीचा माथा ते अटी. सोबत तिरक्या उजेडातला तबलीचा एक फोटो. जुना ठसा आणि आत्ताची जागा वेगळी निघाली तर घोडी हलवण्याआधी पतंगाच्या कागदाची चाचणी करून निकाल कळवा. मला सगळ्यांची मापं एका तक्त्यात मांडायची आहेत.