एकच बूट वाजत होता

मे महिन्यात दुपारी नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये सहसा कोणी फिरकत नाही. त्या दिवशी महाल भागातून एक आजी आणि त्यांची सून वीस महिन्यांच्या मुलीला घेऊन आल्या. "मॅडम, पाय पाहा न पोरीचे, धनुष्यावानी झाले. लवकर उभी केली म्हणून म्हणतात सारे."

खरं तर ती वाक अगदी वयाप्रमाणे होती, आणि दोन्हीकडे सारखी. मुलांचे पाय जन्मतः बाहेर वाकलेलेच असतात. दोनच्या आसपास ते सरळ होतात, तीन-चार वर्षांत उलट गुडघे एकमेकांना लागायला लागतात आणि सातव्या वर्षापर्यंत जागेवर येतात. लवकर उभं केल्यानं काही होत नाही. हे मी झोपेतही सांगू शकेन.

पण टेबलावर घेण्याआधी मुलाला चालताना बघायचं, हा माझा हट्ट. पोरगी पीं-पीं वाजणाऱ्या बुटांत दुडक्या चालीनं कॉरिडॉरभर पळाली. पीं... पीं... मधला आवाज गायब. आई म्हणाली, "एक बूट बिघडलाय." मी बुटांची अदलाबदल केली. उजव्या पायात वाजणारा बूट डाव्या पायात जाताच गप्प झाला, आणि 'बिघडलेला' उजव्या पायात छान बोलू लागला.

पिपाणी असते टाचेत. नवशिकं मूल पूर्ण तळवा आपटतं, दीड वर्षानंतर टाच आधी टेकू लागतं. दोन्ही प्रकारांत बूट वाजायलाच हवा. हिची डावी टाच टेकतच नव्हती, आणि डाव्या पायावर भार आला की धडही त्याच बाजूला कलत होतं. झोपवून गुडघे दुमडले, तर डावा गुडघा खाली. मांडी फाकवताना डावीच अडली.

"पायाळू आहे का हो? जन्मताना आधी पाय आले होते?"

"हाव, पायाळूच. गल्लीतले कंबरेला तिचा पाय लावून घेतात. काऊन?"

पायाळू, मुलगी, पहिलं मूल. खुबा जन्मापासून निसटलेला असण्याचा धोका या तिन्हींत जास्त. दुखत नाही, म्हणून घरी कळतही नाही. एक्स-रेमध्ये तेच दिसलं. पहिल्या सहा महिन्यांत कळलं तर बहुधा पाय फाकवून धरणाऱ्या पट्ट्यांवर भागतं. चालत्या वयात बहुतेकदा ऑपरेशन आणि कमरेपासून प्लास्टर.

आजींनी पहिला प्रश्न विचारला तो उन्हाचा. "या गर्मीत प्लास्टर? पाणी पडू द्या न."

लहान मुलांच्या ऑर्थोपेडिक सर्जनना तिथूनच फोन लावला. तारीख ते ठरवतील, पण त्यांना दाखवायला उद्याच जायचं, एवढं मी आजींकडून कबूल करून घेतलं.