फॉलोअर्स बघून पास झालेला क्लेम

मी तेव्हा मुंबईत एका पीआर एजन्सीत होते आणि माझ्याकडे एका हेल्थ इन्शुरन्स कंपनीचं काम होतं. पीआर म्हणजे पत्रकारांना प्रेस नोट पाठवायच्या असं लोकांना वाटतं, पण आमचा निम्मा दिवस कंपनीबद्दल कोण कुठे काय लिहितंय हे बघण्यात जायचा. जे सांगायचंय ते त्यातलंच आहे.

जानेवारी २०२५. आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०२३-२४ चा वार्षिक अहवाल नुकताच आला होता आणि सकाळचं पहिलं काम त्यावर क्लायंटसाठी नोट लिहायची. आता त्या अहवालात संख्येने बघितलं तर हेल्थचे साधारण ८३ टक्के क्लेम दिले गेले, पण रकमेने बघितलं तर लोकांनी मागितले १.१७ लाख कोटी आणि हातात पडले ८३,४९३ कोटी, म्हणजे ७१ टक्के. कारण पाच लाखांच्या बिलातले तीनच लाख दिले, रूम रेंटची लिमिट, ग्लोव्हज-सिरिंजचे पैसे वगैरे कापले, तरी तो क्लेम 'सेटल्ड' मध्येच मोजला जातो. क्लायंटकडून निरोप आला की फक्त संख्येचं घ्या, रकमेचा विषयच नको. खोटं काहीच नाही ना यात! पण पेपरात ते वाचून पॉलिसी घेणारा माणूस समजतो की शंभरातल्या ८३ जणांना पूर्ण पैसे मिळतात.

तेवढ्यात साताऱ्याच्या एका मुलाची पोस्ट व्हायरल झाली. वडिलांची पुण्यात बायपास झालेली, आमच्या क्लायंटने क्लेम रिजेक्ट केलेला, कारण काय तर बीपीचा त्रास फॉर्ममध्ये सांगितला नव्हता. त्याने पत्राचा फोटोच टाकला होता आणि त्यात पॉलिसी सुरू झाल्याची तारीख दिसत होती, २०१८. दरवर्षी रिन्यू केलेली, मध्ये खंड नाही. माझ्या लगेच लक्षात आलं, कारण एप्रिल २०२४ पासून नियमच बदललाय, सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षं होती. या बदलाचं स्वागत करणारी क्लायंटची प्रेस नोट मीच लिहिली होती, ग्राहकांचा विश्वास वाढेल वगैरे, आणि तीच कंपनी आता साताऱ्याच्या माणसाला बीपीचं कारण देत होती.

एका पत्रकाराचा मेल आला प्रश्नांचा आणि लगेच कॉल लागला, क्लायंटचे मार्केटिंगवाले, क्लेम्सवाले आणि आम्ही. रिजेक्शन बरोबर की चूक हे पहिली पंधरा मिनिटं कोणी विचारलंच नाही. पोस्ट टाकणाऱ्याचे फॉलोअर्स किती, बातमी प्रिंटमध्ये येणार की फक्त वेबसाइटवर, डेडलाइन किती वाजता, एवढंच चाललं होतं. शेवटी मी ६० महिन्यांचं काढलं तर क्लेम्सवाले म्हणाले, "हो, ते बघतो आम्ही, पण आधी स्टेटमेंट द्या." संध्याकाळच्या आत क्लेम पास! आठवडेच्या आठवडे तो मुलगा कस्टमर केअरला फोन करत होता, तेव्हा कोणाला नियम आठवला नाही. वर आम्हाला सांगितलं की त्याला विनंती करा आभाराची पोस्ट टाकायला, मजकूर आपण देऊ. मी मजकूर लिहायला नाही म्हटलं, मग दुसऱ्या कोणीतरी लिहिला.

मला त्या दिवशी अमेरिकेतली केस सारखी आठवत होती. सिग्ना नावाच्या मोठ्या विमा कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलीच्या लिव्हर ट्रान्सप्लांटचा खर्च नाकारला, ऑफिससमोर निदर्शनं झाली, टीव्हीवर आलं, मग कंपनीने अपवाद म्हणून मंजुरी दिली आणि काही तासांत ती मुलगी गेली. कंपनीच्या वतीने तेव्हा माध्यमांना उत्तरं देणारे वेंडेल पॉटर २००८ मध्ये नोकरी सोडून बाहेर पडले आणि २००९ मध्ये सिनेटच्या कमिटीसमोर त्यांनी सांगितलं की या कंपन्या कशा चालतात, लोकांची कशी दिशाभूल होते. त्यांच्यासारखं मोठं काही माझ्याकडे नव्हतं, पण काम तेच होतं हो.

आणि त्या दिवसातलं सगळ्यात वाईट अजून पुढेच होतं. तक्रारींची आमची एक शीट असायची, त्यात नाव, शहर, फॉलोअर्स आणि प्रायॉरिटी असे कॉलम. साताऱ्याच्या खालीच जालन्याच्या एका ताईंची तक्रार होती, नवऱ्याला डेंग्यू, प्लेटलेट्स घसरल्या म्हणून डॉक्टरांनी ॲडमिट केलेलं, आणि क्लेम नाकारला की ॲडमिट करायची गरजच नव्हती. फॉलोअर्स बोटावर मोजण्याइतके, प्रायॉरिटी 'लो'. मी टीम लीडना विचारलं यांचं काय करायचं, तर म्हणाले, "अगं, ते कुठे पसरणारे, राहू दे." राहू दे म्हणजे तिथल्या तिथे संपलं. त्या बाईंचं बिल खरं, आजार खरा, हॉस्पिटलचे कागद खरे, पण त्यांचं म्हणणं ऐकायला कोणी पत्रकार नव्हता म्हणून त्यांच्यासाठी कॉल लागणार नव्हता.

रात्री घरी येऊन मी माझ्या स्वतःच्या अकाउंटवरून त्यांना मेसेज केला. कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, तुम्हाला पुण्याचं ऑफिस लागेल, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत करायची आणि लोकपालाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. हेही लिहिलं की कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मान्यता असल्याशिवाय आता क्लेम नाकारता येत नाही, ती मान्यता होती का हे तक्रारीत स्पष्ट विचारा. त्यांनी उत्तरात एकच विचारलं, अर्ज मराठीत केला तर चालेल ना? मी म्हटलं चालेल, आणि अर्जाचा मसुदा आम्ही दोघींनी फोनवर बसून लिहिला.