वादळ ओसरलं म्हणून

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा केपी निर्देशांक १ वर आला तेव्हा मीच म्हणालो, "चला, आता उरकून टाकू." चुंबकीय वादळामुळे आमच्या उपग्रहाच्या कक्षा-दुरुस्तीचं काम दोन दिवस खोळंबलं होतं.

थ्रस्टर सुरू करायला चाळीस मिनिटं असताना उपग्रहाला स्थिर धरणाऱ्या मोमेंटम व्हीलचा वेग उतरायला लागला. कंट्रोल सर्किट बंद पडलं होतं. कमांड कुणीच पाठवली नव्हती. लॉग मी तीनदा चाळला. आमच्याकडे पहिला संशय नेहमी आधीच्या शिफ्टवरच जातो. पर्यायी सर्किटवर घेतल्यावर उपग्रह सावरला.

मग मी दुसऱ्या टॅबमधला आलेख उघडला. केपी आमच्या समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत झळकतो, इलेक्ट्रॉनचा आलेख मात्र शोधून काढावा लागतो. ही मांडणी कुणाच्या डोक्यातून आली देव जाणे. २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरच्या इलेक्ट्रॉनांनी १००० ची इशारारेषा आदल्या दिवशीच ओलांडली होती, आणि आकडा अजून चढतच होता. वादळ जोरात असताना हा आकडा बहुधा पडतो. ते शमल्यावर एक-दोन दिवसांनी आमचा उपग्रह असलेल्या भूस्थिर कक्षेत इलेक्ट्रॉनांचा पूर येतो. म्हणजे आम्ही नेमका वाईट मुहूर्त धरला होता.

हे इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमचा पत्रा पार करून आत शिरतात आणि केबलच्या आवरणात, सर्किट बोर्डात रुतून बसतात. तिथून विद्युतभार अगदी हळू झिरपतो. झिरपण्यापेक्षा साठणं वाढलं की कधीतरी इवलीशी ठिणगी पडते आणि सर्किटला ती कमांडच वाटते. २० जानेवारी १९९४ ला कॅनडाच्या ॲनिक ई-१ आणि ई-२ या उपग्रहांची व्हील-सर्किटं अशीच गेली. ई-२ सावरायला कित्येक महिने लागले.

अहवालावर सर अडून बसले. "त्या दिवशी वादळ कुठे होतं?" नव्हतंच, तेच तर सांगत होतो! बनवणाऱ्या कंपनीने आमच्या कमांडकडे बोट दाखवलं, आम्ही त्यांच्या शिल्डिंगकडे. ठिणगीचा पुरावा, असलाच तर, ३५,७८६ किलोमीटर वर. शेवटी रकान्यात 'संभाव्य' हा शब्द पडला.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे सत्तावीस दिवसांनी त्याच्यावरचं, ते वादळ उठवणारं कोरोनल होल, म्हणजे वेगवान सौरवारा सोडणारा भाग, पुन्हा समोर आलं. या वेळी भांडून मी काम चार दिवस पुढे ढकललं. आकडा पुन्हा १००० च्या वर गेला आणि व्हील आपलं मुकाट फिरत राहिलं.

"बघ, उगाच चार दिवस घालवलेस," सर म्हणाले.

मी गप्प बसलो.