‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३): गती बसली, पुढचं काम सुरू

जुन्या मूकपटाची फाइल योग्य गतीनं चालतेय का, हे फिल्मच्या लांबीवरून ताडता येतं. एडविन पोर्टरच्या या मूक वेस्टर्नची लांबी ७४० फूट. ३५ मिमी फिल्मच्या फुटात १६ फ्रेम, म्हणजे एकूण ११,८४०. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर १२ मिनिटं २० सेकंद, १८ धरल्या तर जेमतेम ११ मिनिटं, २४ धरल्या तर सव्वाआठ. फाइल सव्वाआठ मिनिटांच्या आसपास संपत असेल तर फ्रेम २४नं पळवल्यात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, १८ची गती मिळते.

त्याआधी ‘ई’ दाबून एकेक फ्रेम पुढे न्या. दर चौथी फ्रेम आधीचीच नक्कल निघाली, तर १८च्या २४ करताना भरणा झालाय. ती फाइल अजून हळू केली की घोडे अडखळत धावतात. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्राममध्ये डेसिमेट (दर गटातली नक्कल फ्रेम काढणारा) फिल्टर लावून सायकल, म्हणजे गटाचा आकार, ४ द्या. नकला गळतात, कालावधी तोच राहतो.

कॅमेरा हातानं फिरवायचे, त्यामुळे प्रत्येक दृश्य वेगळं तपासावं लागतं. पाठलागावर विसंबू नका. घोडे वेगवान दिसावेत म्हणून हँडल मुद्दाम हळू फिरवून सेकंदाला कमी फ्रेम टिपायची पद्धत होती. पडणारी वस्तू शोधा. हातातून सुटलेलं पिस्तूल एक मीटर खाली यायला ०.४५ सेकंद लागतात: १६ला ७ फ्रेम, १८ला ८, २०ला ९. मोजताना एक फ्रेम इकडेतिकडे झाली की उत्तर सेकंदाला दोन फ्रेमनं हलतं, म्हणून चालणाऱ्या माणसाची पावलंही मोजा; सेकंदाला साधारण दोन पडायला हवीत.

या चित्रपटांची खरी गोडी इथेच कळते. इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावरची झटापट बघा. कॅमेरा थांबवून माणसाच्या जागी बाहुला ठेवलाय आणि तोच खाली भिरकावलाय. २४ला सगळं भुर्रकन उडून जातं. १८ला बाहुला ओळखू येतो, तरी मारामारीतलं अंगाचं वजन जाणवतं आणि छातीत धस्स होतं.

आभाळ पांढरंफटक दिसतं म्हणून कॉन्ट्रास्ट चढवू नका. तेव्हाची फिल्म निळ्या प्रकाशानं भराभर उजळायची. ढग निगेटिव्हमध्येच (कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्मवर) उतरलेले नाहीत, उगाच चित्रातले दाणे तेवढे वाढतात. हातानं रंगवलेल्या प्रतींतले कपडे आणि धूर मात्र आहेत तसे राहू द्यावेत.

पुढचं काम जॉन फोर्डच्या ‘द आयर्न हॉर्स’चं (१९२४). त्याची अमेरिकी आणि परदेशी आवृत्ती वेगळ्या निगेटिव्हवरून निघाली. एकीतला तुटलेला शॉट दुसरीतून भरू नये. कोन बदलतो आणि घोड्याची टाप भलत्याच जागी पडते.