गेरपर्यंत पाय मोकळा?

"हाड वाढलंय ना, मग घासून टाका. रंगपंचमीच्या गेरला राजवाड्यावर जायचंय." काकू आज दवाखान्यात इतक्या सहज म्हणाल्या, जणू नखच कापायचंय. (गेर म्हणजे इंदूरच्या राजवाड्यावरून जाणारी रंगपंचमीची मिरवणूक.)

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येणारा तो फुगवटा, म्हणजे बनियन, हे नुसतं वाढलेलं हाड नव्हे. तिथलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या बाजूला सरकतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलतो. वरवर घासलं तर कल तसाच राहतो, फुगवटा परत दिसू लागतो. म्हणून बहुतेकदा हाड कापून, सरकवून स्क्रूने बसवतात.

ते जुळायला 6 ते 8 आठवडे. पहिले 2 आठवडे बहुतेक वेळ पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. मग टाके निघतात. चालणं कडक तळाच्या खास बुटात, बहुधा टाचेवर भार देऊन. उजवा पाय असेल तर गाडी दीड-दोन महिने विसरा. सूज मात्र चिवट. 6 महिने, कधी वर्षभरही रेंगाळते, आणि नेमकं हेच कुणी आधी विचारत नाही.

पोटरी सुजून दुखली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि दुखत नसेल, तर केवळ निमुळत्या सँडलसाठी एवढं करायचं?